ड्रोनचे फ्लाइट मोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोडविषयी जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांत एक गोष्ट सारखी दिसते. मोडची नावं बहुतेकांना पाठ असतात, पण स्विच सरकवल्यावर ड्रोनने कुठलं काम आपल्याकडून काढून घेतलं आणि कुठलं आपल्यावर सोडलं, हे विचारलं की गडबड होते. म्हणून खालची उत्तरं नावांपेक्षा या कामाच्या वाटणीबद्दल जास्त बोलतात. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे जातात. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल; एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. शेवटचा प्रश्न सोडला तर सगळीकडे ड्रोन म्हणजे चार पंख्यांचं, जागेवर तरंगू शकणारं ड्रोन समजावं.

१. फ्लाइट मोड म्हणजे नेमकं काय? ड्रोन तर तेच असतं ना?

ड्रोन तेच, मोटारी त्याच, स्टिकही त्याच. बदलतो तो स्टिकचा अर्थ. तीच स्टिक पुढे ढकलली तर एका मोडमध्ये ड्रोनला ऐकू येतं ‘नाक खाली फिरवत राहा’, दुसऱ्यात ‘अमुक अंश पुढे झुकून राहा’, आणि तिसऱ्यात ‘अमुक वेगाने पुढे चल’.

कुठलाही मोड ओळखायला एकच कसोटी पुरते: स्टिक सोडून दिल्या तर काय होईल? ॲक्रो मोडमध्ये ड्रोन जसं झुकलेलं होतं तसंच राहतं आणि त्या दिशेने सुटतं. अँगल मोडमध्ये ते सपाट होतं, पण वाऱ्याबरोबर वाहतं आणि उंचीही तुम्हालाच सांभाळावी लागते. उंची धरणाऱ्या मोडमध्ये उंची टिकते, वाहणं चालूच राहतं. जीपीएस मोडमध्ये ते ब्रेक लावून जागच्या जागी थांबतं. नवं ड्रोन हातात आलं की मॅन्युअलमध्ये मोडची नावं शोधण्याआधी या प्रश्नाचं उत्तर शोधा.

२. रिमोटवर ‘मोड १’ आणि ‘मोड २’ लिहिलेलं असतं. तेच का हे?

नाही, त्याचा फ्लाइट मोडशी काही संबंध नाही. ती फक्त स्टिकची मांडणी आहे. मोड २ मध्ये डाव्या स्टिकवर थ्रॉटल (मोटारींचा जोर) आणि यॉ (नाक डावी-उजवीकडे वळवणं), उजवीवर पिच (पुढे-मागे झुकणं) आणि रोल (डावी-उजवीकडे झुकणं). मोड १ मध्ये डावीवर पिच आणि यॉ, उजवीवर थ्रॉटल आणि रोल. मोड २ जास्त प्रचलित आहे आणि खालची उत्तरं तोच धरून लिहिली आहेत. दुसऱ्याचं रिमोट हातात घेतलं तर उडवण्याआधी हे नक्की विचारा.

३. एवढे मोड हवेतच कशाला? सगळ्यात हुशार मोड कायम चालू ठेवला तर?

कारण हुशार मोड साध्या मोडच्या खांद्यावर उभा असतो, आणि त्याला लागणारे सेन्सर कधीही रुसू शकतात.

सगळ्यात खाली जायरोस्कोप असतो. ड्रोन कुठल्या अक्षाभोवती किती वेगाने फिरतंय, एवढंच तो सांगतो, पण सेकंदाला शेकडो-हजारो वेळा. ॲक्रो मोड निव्वळ त्याच्यावर चालतो. त्यात ॲक्सेलरोमीटर मिसळला की ‘खाली’ कुठे आहे ते कळतं आणि ड्रोन स्वतःला सपाट करू शकतं. हा झाला अँगल किंवा स्टॅबिलाइझ मोड. बॅरोमीटर आला की उंची धरता येते. जीपीएस आणि कंपास आले की जागा धरता येते, घरी परतता येतं, नकाशावर आखलेल्या मार्गाने जाता येतं.

आता हे उलट वाचा. जीपीएस गेला तर जागा धरणं गेलं, पण उंची आणि सपाटपणा शाबूत. बॅरोमीटर बिनसला तर उंचीही तुमच्या हातात. म्हणजे सेन्सर गेला की ड्रोन पडत नाही, ते एक पायरी खाली येतं, आणि त्या खालच्या पायरीवर ते उडवणं तुम्हाला यायला हवं. नव्या वैमानिकाचं ड्रोन हातातून जातं ते बहुतेकदा याच उतरणीवर. जायरो मात्र गेलाच तर कुठलाही मोड वाचवू शकत नाही.

४. सिने, नॉर्मल आणि स्पोर्ट हे खरंच वेगळे मोड आहेत, की फक्त वेगाचे तीन गिअर?

कामाच्या वाटणीने पाहिलं तर तिन्ही एकच आहेत. तिन्हींत ड्रोन जागा धरतं, स्टिक सोडली की थांबतं. फरक कमाल वेगाचा, झुकण्याच्या मर्यादेचा आणि स्टिकला प्रतिसाद किती मऊ असावा याचा. उदाहरणार्थ, डीजेआय कंपनीच्या मिनी ३ प्रोचा कमाल वेग सिनेमध्ये सेकंदाला ६ मीटर, नॉर्मलमध्ये १० आणि स्पोर्टमध्ये १६ मीटर आहे.

पण एक फरक गिअरच्या पलीकडचा आहे आणि तो लोकांच्या नजरेतून सुटतो: डीजेआयच्या ड्रोनमध्ये स्पोर्ट लावला की अडथळे टाळणारी यंत्रणा बंद होते. नॉर्मलमध्ये झाडासमोर आपोआप थांबणारं ड्रोन स्पोर्टमध्ये त्याच झाडावर सरळ जाईल. स्विच बोटाच्या टोकाशी असतो आणि चुकून सरकतो, म्हणून उड्डाणाआधी स्क्रीनवरचं मोडचं अक्षर पाहण्याची सवय लावा.

५. स्पोर्टमध्ये स्टिक सोडली तरी ड्रोन बरंच पुढे जाऊन थांबतं. बिघाड आहे का?

नाही. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ब्रेक लावल्यावर दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद एवढा वेग कमी होतो असं धरा. सेकंदाला ६ मीटर वेगाने जाणारं ड्रोन साडेतीन-चार मीटरमध्ये थांबेल, १० मीटर वेगाचं १० मीटरमध्ये, आणि १६ मीटर वेगाचं जवळपास २६ मीटरमध्ये. त्यात तुमचं बोट हलायला लागलेला अर्धा सेकंद मिळवा: १६ च्या वेगात तेवढ्यात ८ मीटर गेलेले असतात. स्क्रीनवर चित्र थोडं उशिरा येतं ते वेगळंच. वारा पाठीमागून असेल तर हा हिशोबही आशावादी ठरतो.

६. ॲटी मोड म्हणजे काय? माझ्या रिमोटवर तो स्विचच नाही.

ॲटी म्हणजे ॲटिट्यूडचं लघुरूप, आणि इथे ॲटिट्यूड म्हणजे ड्रोन हवेत कसं कललेलं आहे ते. या मोडमध्ये ड्रोन सपाट राहतं, उंची धरतं, पण जागा धरत नाही. स्टिक सोडली तरी ब्रेक लागत नाही. अंगात असलेल्या वेगाने ते घसरत पुढे जातं आणि मग वाऱ्याच्या स्वाधीन होतं.

घरगुती वापराच्या बऱ्याच ड्रोनवर कंपनी हा स्विच देत नाही, कारण नवशिक्याने तो चुकून लावू नये. पण स्विच नाही म्हणजे मोड नाही असं नव्हे. जीपीएसचा सिग्नल कमकुवत झाला आणि खालचे कॅमेरेही जमीन ओळखू शकले नाहीत, तर ड्रोन स्वतःहून ॲटीमध्ये जातं. ज्या ड्रोनवर स्विच आहे त्यावर हा मोड मोकळ्या मैदानात मुद्दाम शिकता येतो. ज्यावर नाही, त्यावर पहिला धडा ऐन अडचणीतच मिळतो. मला ही मांडणी पटत नाही, पण ती आहे.

७. उडवता उडवता अचानक ॲटी लागला तर?

आधी ड्रोनकडे पाहा, स्क्रीनकडे नंतर. ते कुठल्या दिशेने वाहतंय ते ठरवा आणि विरुद्ध दिशेला हलका झुकाव देऊन वाहणं थोपवा. ॲटीमध्ये स्टिक सोडणं म्हणजे थांबणं नव्हे. थांबवायला उलटी स्टिक द्यावी लागते आणि वेग संपला की ती सोडावी लागते. जोरात दिलीत तर ड्रोन उलट्या दिशेला निघेल.

उंची ते स्वतः धरून असतं, त्यामुळे घाईने थ्रॉटल ओढायची गरज नाही. इमारती, झाडं, डोंगरकडा जवळ असतील तर थोडं वर न्या: आकाश जास्त उघडं मिळालं की जीपीएस पुन्हा पकडण्याची शक्यता वाढते. घरी परतण्याचं बटण इथे उपयोगाचं नाही, कारण ड्रोनला स्वतःची जागाच ठाऊक नसते (प्रश्न ११). नाक तुमच्यापासून दूर ठेवलंत तर डावं-उजवं सरळ राहतं. मग स्टिक मागे ओढली की ड्रोन तुमच्याकडे येतं.

८. घरात जीपीएस मिळत नाही, तरी माझं ड्रोन एका जागी उभं राहतं. मग पाण्यावर का डळमळतं?

दोन्ही गोष्टींमागे एकच यंत्रणा आहे: पोटाखालचा कॅमेरा. तो जमिनीवरच्या खुणा पाहतो, त्या किती सरकल्या ते मोजतो आणि तेवढं ड्रोन मागे आणतो. जोडीला जमिनीचं अंतर मोजणारा सेन्सर असतो. घरातल्या फरशीवर पुरेशी नक्षी आणि पुरेसा उजेड असेल तर हे छान चालतं.

पाण्याचा पृष्ठभाग मात्र स्वतःच हलतो. लाटा सरकल्या की कॅमेऱ्याला वाटतं आपणच सरकलो, आणि ड्रोन लाटांमागे जाऊ लागतं. संथ पाण्यात आकाश दिसतं, त्याने अंतराचा अंदाजही चुकतो. काच, आरसा, एकसारखा पांढरा पृष्ठभाग, मंद उजेड, ही सगळी याच कुटुंबातली. उघड्यावर आणि पुरेशा उंचीवर असाल तर जीपीएस सांभाळून घेतो, कारण खालचा कॅमेरा ठरावीक उंचीपर्यंतच कामाचा असतो. अडचण येते ती पाण्याला खेटून उडताना. तिथे काही मीटर वर राहणं हाच उपाय.

९. ड्रोन जागेवर थांबण्याऐवजी गोल फिरतं आणि गोल मोठा मोठा होत जातो. वारा तर नाही!

वारा नाही, कंपास. जीपीएस फक्त ‘तू कुठे आहेस’ एवढं सांगतो. ‘तुझं नाक कुठे आहे’ हे कंपास सांगतो. समजा ड्रोन एक मीटर पूर्वेला सरकलं. परत यायला त्याला पश्चिमेला झुकायचं आहे. कंपास ४० अंशांनी चुकीचा असेल तर ते पश्चिम समजून भलत्याच दिशेला झुकतं. चूक कळते, ते पुन्हा दुरुस्ती करतं, पुन्हा तिरकी. या तिरक्या दुरुस्त्यांची साखळी म्हणजे तो फिरणारा गोल. चूक ९० अंशांच्या पुढे गेली तर प्रत्येक दुरुस्ती ड्रोनला आणखी लांब नेते, आणि ते सरळ पळ काढतं.

अशा वेळी जीपीएसवर चालणारा कुठलाही मोड मदतीला येणार नाही, घरी परतण्याचा तर नाहीच, कारण तोही त्याच कंपासवर विसंबून असतो. स्विच असेल तर ॲटी, अल्टिट्यूड होल्ड (उंची धरणारा) किंवा स्टॅबिलाइझ लावा आणि हाताने उतरवा. या मोडमध्ये जागा धरण्यासाठी कंपास विचारला जात नाही, म्हणून गोल फिरणं लगेच थांबतं. अर्डूपायलट या घरी जोडलेल्या ड्रोनवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरसारख्या प्रणालीत सेन्सरांचं आपसात फारच बिनसलं तर ड्रोन स्वतःहून लँड मोडमध्ये जाऊन खाली येऊ लागतं.

कारण बहुतेकदा उड्डाणाच्या जागेत सापडतं: लोखंडी झाकण, सळ्यांचं काँक्रीट, गाडीचं टप, जवळची चुंबकं. म्हणून ‘प्रत्येक उड्डाणाआधी कंपास कॅलिब्रेट करावा, म्हणजे नव्याने जुळवून घ्यावा का?’ या प्रश्नाचं उत्तरही इथेच देतो. करू नका. ॲपने सांगितलं, खूप दूरच्या प्रदेशात गेलात किंवा ड्रोनमध्ये काही बदललं तर करा. लोखंडाजवळ उभं राहून केलेलं कॅलिब्रेशन न केल्यापेक्षा वाईट, कारण ती चूक ड्रोन बरोबर घेऊन फिरतं.

१०. अल्टिट्यूड होल्ड लावूनही उंची हळूहळू बदलते. का?

उंची बॅरोमीटर ठरवतो, म्हणजे हवेच्या दाबावरून. समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटर वर गेलं की दाब १ हेक्टोपास्कलने कमी होतो. एका मीटरला तो फरक ०.१२ च्या आसपास. एवढा बारीक फरक ओळखायचा म्हटल्यावर हवामानातला साधा बदल, सेन्सरवर पडलेलं ऊन किंवा वाऱ्याची झुळूकही त्याला फसवते. घरी जोडलेल्या ड्रोनमध्ये बॅरोमीटरवर मऊ स्पंजचा तुकडा लावतात तो याचसाठी. वेगाने जाऊन एकदम थांबल्यावर ड्रोन थोडं वर-खाली होतं, त्यामागेही बहुधा हीच हवा असते. आणि लक्षात ठेवा, हा मोड जमिनीपासूनचं अंतर धरत नाही, दाबाची पातळी धरतो. समोर चढ आला तर ड्रोन चढणार नाही.

११. घरी परतण्याचं बटण, म्हणजे आरटीएच, दाबल्यावर नेमकं काय घडतं?

ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीपर्यंत चढतं, त्या उंचीवरून होम पॉइंटच्या डोक्यावर येतं आणि खाली उतरतं. उंची सेटिंगमध्ये बदलता येते. अर्डूपायलटमध्ये ती मूळ सेटिंगला १५ मीटर असते, जी झाडांच्या प्रदेशात अपुरी आहे. ड्रोन आधीच त्याहून वर असेल तर सहसा त्याच उंचीवरून परततं.

होम पॉइंट म्हणजे तुम्ही नव्हे. पुरेसे उपग्रह मिळाल्यावर ड्रोनने नोंदवलेली जागा ती. जागेचं गणित जमायला किमान ४ उपग्रह लागतात, पण विश्वास ठेवण्यासारखी नोंद व्हायला त्याहून बरेच जास्त हवेत. घाईने, नोंद होण्याआधीच उडालात तर होम पॉइंट उडत असताना कुठेतरी वाटेत नोंदवला जातो, आणि मग ड्रोन इमानदारीने तिथेच उतरतं. ‘होम पॉइंट नोंदवला’ हे ऐकूनच उडा. साध्या जीपीएसची अचूकता काही मीटरची असते, म्हणून शेवटचे मीटर हाताने उतरवायची तयारी ठेवा.

१२. आरटीएच कधी उलटा अंगावर येतो?

मला याच प्रश्नाची सगळ्यात जास्त धास्ती वाटते, कारण लोक हे बटण विम्यासारखं वापरतात.

पहिली परिस्थिती: डोक्यावर छप्पर. पुलाखाली, मोठ्या शेडमध्ये, दाट झाडीत आरटीएच लागला तर ड्रोन पहिलं काम करतं ते वर चढण्याचं. अशा ठिकाणी उडण्याआधी सिग्नल तुटल्यावरची कृती बदलून ‘जागेवर थांब’ किंवा ‘उतर’ अशी करावी.

दुसरी, डोंगर. आरटीएचची उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजतात, ड्रोनखालच्या जमिनीपासून नाही. दरीतून उडून पलीकडच्या डोंगरामागे गेलात, डोंगर तुमच्यापेक्षा १०० मीटर उंच आहे आणि आरटीएच ६० वर लावला आहे, तर ड्रोनचा परतीचा रस्ता डोंगराच्या पोटातून जातो. अडथळे ओळखणारे सेन्सर असतील तर ते थांबेल किंवा चढेल. अंधारात ते सेन्सरही आंधळे असतात. बारीक तारा आणि निष्पर्ण फांद्या तर त्यांना दिवसाही दिसतीलच असं नाही.

तिसरी, चालती होडी. उडालात तेव्हा होडी जिथे होती तिथे आता पाणी आहे. होम पॉइंट रिमोटच्या जागेवर बदलत राहण्याची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर आरटीएचवर विसंबू नका.

चौथी, समोरचा वारा. बॅटरी कमी झाल्यावर आपोआप आरटीएच सुरू होतो, पण वर वारा जोरात असेल तर ड्रोन जागच्या जागी झगडत बॅटरी संपवतं. त्याचा उपाय प्रश्न १८ मध्ये आहे.

१३. सिग्नल तुटला की ड्रोन कुठल्या मोडमध्ये जातं?

जो तुम्ही आधी ठरवला असेल त्या. कॅमेऱ्याच्या ड्रोनमध्ये बहुधा तीन पर्याय असतात: परत ये, जागेवर थांब, उतर. हाताने जोडलेल्या एफपीव्ही (चष्म्यात ड्रोनच्या नजरेतून पाहून उडवायच्या) ड्रोनवर बरेचदा मूळ सेटिंगच मोटारी बंद करून खाली पडण्याची असते. ऐकायला हे क्रूर वाटतं, पण भरकटून कुठेतरी आदळण्यापेक्षा ओळखीच्या जागी पडलेलं बरं, असा त्यामागचा विचार आहे. बीटाफ्लाइट या एफपीव्ही ड्रोनच्या सॉफ्टवेअरमधला, ड्रोन घराकडे आणणारा जीपीएस रेस्क्यू त्याच्या जागी लावता येतो, पण तो आणीबाणीसाठी आहे. त्याच्याकडून आरटीएचसारख्या नेमकेपणाची अपेक्षा ठेवू नये. सेटिंग कुठलंही असो, ते जमिनीवर, पंखे काढून, रिमोट बंद करून एकदा तपासा.

१४. हेडलेस मोड नवशिक्यांसाठी चांगला आहे का?

या मोडमध्ये ड्रोनचं नाक कुठेही असो, स्टिक पुढे म्हणजे तुमच्यापासून दूर. नाक कुठे आहे ते दिसत नसताना परत आणायला हे कामाचं आहे. पण ‘पुढे’ ही दिशा ठरते ती सहसा उड्डाणाच्या वेळी. नंतर तुम्ही स्वतःच वळून उभे राहिलात, तर सगळं उलटं होतं. खेळण्यातल्या ड्रोनमध्ये कंपास नसतो, ती दिशा जायरोवरून धरली जाते आणि काही मिनिटांत सरकते.

अर्डूपायलटमध्ये याचे दोन प्रकार आहेत. सिंपल मोड दिशा पक्की धरतो. सुपर सिंपल ती होम पॉइंटच्या संदर्भात बदलत राहतो, त्यामुळे मागे ओढली की ड्रोन घराकडेच येतं. फक्त घराच्या १० मीटरच्या आत ही दिशा बदलणं थांबतं. माझं मत विचाराल तर शिकताना हेडलेस लावूच नका. नाक ओळखायची सवय त्यामुळे लागतच नाही.

१५. ॲक्रो मोड एवढा अवघड का, आणि एफपीव्हीवाले त्याच्याशिवाय दुसरं का उडवत नाहीत?

अवघड, कारण ड्रोन स्वतःहून काहीच सरळ करत नाही. स्टिक जेवढी हलवाल तेवढ्या वेगाने ते फिरत राहतं. बीटाफ्लाइटच्या मूळ सेटिंगला पूर्ण स्टिक म्हणजे सेकंदाला सुमारे ६७० अंश, जवळजवळ दोन पूर्ण कोलांट्या. स्टिक मध्यावर आणली की फिरणं थांबतं, पण आलेला झुकाव तसाच राहतो. सपाट करायचं तर उलटी स्टिक देऊन तुम्हीच करायचं.

त्याला थ्रॉटलची जोड आहे. ड्रोन झुकलं की पंख्यांच्या जोराचा काही भाग पुढे ओढण्यात जातो. ३० अंश झुकावात उंची टिकवायला सुमारे १५ टक्के जास्त जोर लागतो, ४५ अंशांत ४१ टक्के, आणि ६० अंशांत दुप्पट. जीपीएस मोड हा हिशोब मुकाट्याने करतो. ॲक्रोमध्ये तो डाव्या अंगठ्याने करावा लागतो.

आवडायचं कारणही हेच. सपाट होण्याची ओढ नसल्यामुळे ड्रोन वळणात झुकलेलंच ठेवता येतं, खाली सूर मारता येतो, उलटं होऊन निघता येतं, आणि चित्रात मधले हिसके येत नाहीत. शिकायचा रस्ता सिम्युलेटर. खरं रिमोट संगणकाला जोडून आधी तिथे पडून घ्या.

१६. अँगल, हॉरायझन, एअर मोड, टर्टल मोड: यातलं काय कशासाठी?

अँगलमध्ये स्टिक झुकावाचा कोन ठरवते आणि त्या कोनाला मर्यादा असते, त्यामुळे ड्रोन उलटत नाही. हॉरायझन मधला: स्टिक मध्याजवळ असेल तर सपाट होतं, टोकाला नेली तर कोलांटी मारतं. कोलांटीची हौस भागते, पण मधल्या पट्ट्यात ड्रोन कधी सपाट होऊ लागेल याचा नीट अंदाज येत नाही. ॲक्रो शिकायचा असेल तर हॉरायझनमध्ये रेंगाळू नका.

एअर मोड हा खरं तर फ्लाइट मोड नाही. थ्रॉटल शून्यावर असतानाही मोटारींवरचा ताबा सुटू नये म्हणून तो असतो. टर्टल मोडचं काम पडल्यानंतर: उलटं पडलेलं ड्रोन मोटारी उलट्या फिरवून सुलटं करता येतं. गवतात अडकलेल्या ड्रोनवर तो जास्त वेळ दाबून धरलात तर मोटार जळते.

१७. हवेत असताना मोड बदलला तर ड्रोन पडेल का?

सहसा नाही, पण एक सापळा आहे आणि तो थ्रॉटलचा आहे. उंची धरणाऱ्या मोडमध्ये थ्रॉटल मध्यावर म्हणजे ‘आहे तिथे राहा’ आणि खाली म्हणजे ‘सावकाश उतर’. स्टॅबिलाइझ, अँगल आणि ॲक्रोमध्ये मात्र थ्रॉटल थेट मोटारींचा जोर ठरवतो. उतरता उतरता, स्टिक तळाला असताना स्टॅबिलाइझ लावलात तर मोटारी नुसत्या फिरण्यापुरत्या उरतात आणि ड्रोन दगडासारखं खाली येतं. स्विच सरकवण्याआधी थ्रॉटल तरंगण्याच्या जागेवर आणा.

डीजेआय एफपीव्हीसारख्या ड्रोनवर मॅन्युअल मोड वापरताना थ्रॉटलची स्प्रिंग ढिली करायला सांगतात, त्याचंही कारण हेच: स्टिक आपोआप मध्यावर यायला नको. त्याच ड्रोनवर मॅन्युअलमध्ये घाबरलात तर थांबण्याचं बटण दाबा. ते ब्रेक लावून सपाट होतं आणि जागेवर थांबतं.

आणखी एक बीटाफ्लाइटची खोच: तिथे कुठलाही मोड स्विचवर लावला नाही तर चालू असतो तो ॲक्रो. नवं ड्रोन पहिल्याच उडीत कोलांटी मारून पडतं, त्यात हे कारण कधीकधी सापडतं.

१८. वारा जोरात असेल तर कुठला मोड?

उडूच नये हे खरं उत्तर. पण वर गेल्यावर वारा वाढला आणि नॉर्मलमध्ये ड्रोन घराकडे सरकतच नसेल, तर स्पोर्ट लावा. बऱ्याच ड्रोनवर त्यात जास्त झुकता येतं, म्हणून वाऱ्याला तोंड देता येतं. आरटीएच चालू असेल तर तो रद्द करून हाताने आणा, आणि उंची कमी करा: जमिनीजवळ वारा बहुधा सौम्य असतो. प्रश्न ४ विसरू नका, स्पोर्टमध्ये अडथळे दिसत नाहीत आणि तुम्ही आता खाली उडताय.

१९. फॉलो (माणसामागे जाणारा), ऑर्बिट (भोवती फिरणारा), वेपॉइंट (आखलेल्या बिंदूंवरून जाणारा) हे मोड चालू असताना मी काय करायचं?

अंगठे स्टिकवर ठेवायचे. हे सगळे जागा धरणाऱ्या मोडच्या वरचे मजले आहेत. ड्रोन स्वतःच वेग आणि दिशा ठरवतं. त्याची नजर धावणाऱ्या माणसावर असते, बाजूच्या तारेवर असेलच असं नाही. वेपॉइंट आखताना दोन बिंदूंच्या मधल्या जमिनीची उंची पाहा. बिंदू सुरक्षित असले तरी मधली टेकडी नसते. रद्द करायचं बटण कुठे आहे ते आधी एकदा वापरून पाहा.

२०. रिमोटवर तीनच जागांचा स्विच आहे. त्यावर कुठले तीन मोड ठेवू?

घरी जोडलेलं, अर्डूपायलटवरचं ड्रोन असेल तर माझी निवड अशी: लॉइटर (जागा धरणारा), अल्टिट्यूड होल्ड, स्टॅबिलाइझ. म्हणजे प्रश्न ३ मधल्या पायऱ्या क्रमाने स्विचवर. आरटीएलसाठी (अर्डूपायलटमधला आरटीएच) वेगळा स्विच ठेवा, घाबरलेल्या बोटाला तो न पाहता सापडला पाहिजे. या प्रणालीत कॉप्टरसाठी वीसहून अधिक मोड आहेत, पण ते सगळे स्विचवर चढवण्याचा मोह टाळा. मोटारी चालू-बंद करण्याचा स्विच मोडच्या स्विचपासून लांब असू द्या.

२१. पंखांचं, विमानासारखं ड्रोन घेतलं आहे. हेच मोड चालतील?

नावं ओळखीची वाटतील, वागणं नाही. विमान हवेत थांबू शकत नाही, त्यामुळे ‘स्टिक सोडली तर’ या प्रश्नाचं उत्तर तिथे कधीच ‘जागेवर उभं राहील’ असं नसतं. अर्डूपायलटच्या विमानात लॉइटर म्हणजे एका बिंदूभोवती घिरट्या, मूळ सेटिंगला ६० मीटर त्रिज्येच्या. आरटीएलमध्ये ते घरावर येतं, पण उतरत नाही. मूळ सेटिंगला १०० मीटर उंचीवर घिरट्या घालत तुमची वाट पाहतं. उतरण्याचा मार्ग वेगळा आखावा लागतो.

उभं उडून पुढे विमानासारखं जाणाऱ्या ड्रोनमध्ये दोन्ही संच असतात. अर्डूपायलटमध्ये उभ्या उड्डाणाच्या मोडना ‘क्यू’ हे अक्षर लागतं: क्यू-हॉवर, क्यू-लॉइटर. तिथे साधा आरटीएल लावला तर मूळ सेटिंगला ते विमानासारखंच घिरट्या घालतं. आल्यावर उभं उतरावं असं हवं असेल तर तो पर्याय वेगळा चालू करावा लागतो. क्यू-लॉइटरमध्ये चारही पंखे वजन पेलत असतात आणि बॅटरी झपाट्याने खातात, त्यामुळे वाट पाहायची असेल तर ती पंखांवरच पाहू द्या.